पास्त्याच्या ताटाची डावी बाजू

सुप्रिया,

पास्ता मला आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सून गेल्यावर म्हातारा गोड बोलायला लागला असं कुणी म्हणायला नको. तू होतीस तेव्हा आवडला नाही आणि परवा तुझ्या महिन्याच्या दिवशी लेकीने, तन्वीने केला तेव्हाही आवडला नाही. रबराच्या नळ्या त्या. वर पांढरा रस्सा ओता नाहीतर लाल, दाताखाली काही बोलत नाहीत.

तू कुठे शिकलीस, कुठल्या ऑफिसात किती मोठ्या जागेवर होतीस, ते सगळं आमच्या नितीनने तुझ्या फोटोखाली लिहून पाठवलं सगळ्यांना. ते मला काही जमणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस. कल्याणच्या भाजी मार्केटात गाळ्यावर उभं राहून हयात गेली माझी. मला लिहायचंय ते वेगळंच आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं. सून अशी सासऱ्याशी अर्धं भांडण टाकून जात नाही. निदान आमच्याकडे तरी नाही.

सुरुवात तूच केलेलीस. डोंबिवलीच्या ह्या घरात रविवारी संध्याकाळी पोळी-भाजी नको, पास्ता करूया, हे तुझं आणि तन्वीचं ठरलं. तन्वी तेव्हा लहान होती, खुर्चीवर बसली की पाय लोंबायचे तिचे. तू खोलगट बशी माझ्यासमोर ठेवलीस. त्यात नळ्या, आणि एक काटा. बाजूला काही म्हणजे काही नाही.

मी विचारलं, "तोंडी लावायला काय?"

"ह्याच्याबरोबर काही लागत नाही अप्पा. असाच खातात."

"कोण खातात?"

"जग खातं."

"मग जगाला वाढ. मीठसुद्धा न वाढलेल्या ताटावर मी बसत नाही."

आणि मी उठलो. नितीन म्हणाला, अप्पा, काय लहान मुलासारखं. मी आत जाऊन दूध-भाकरी खाल्ली. तुला वाटलं असेल म्हातारा रुसला. रुसलो नव्हतो. तुझ्या सासूने मला कधी अर्धं ताट वाढलं नाही. घरात नुसतं पिठलं असलं तरी वर मीठ, लिंबाची फोड, डावीकडे चटणी. ती गेल्यावर मी एकटा जेवायला बसायचो तेव्हाही माझं मीच डावीकडे वाढून घ्यायचो आणि मग बसायचो. जेवण म्हणजे काय, तर आपल्यासाठी कुणीतरी दोन गोष्टी बाजूला काढून ठेवल्यात, हे ताटात दिसायला पाहिजे. हे मला असं तेव्हा सांगता आलं नाही. तेव्हा मी फक्त उठलो.

दुसरी कुणी असती तर पुढच्या रविवारी निमूट आमटी-भात केला असता, किंवा मला वेगळं जेवायला घातलं असतं. तू ठाण्याच्या टेंभी नाक्याची. तूच म्हणायचीस, "आम्ही ढोल-ताशात वाढलेल्या पोरी, अप्पा. आवाज चढला म्हणून घाबरत नाही." पुढच्या रविवारी माझंच स्टीलचं ताट समोर आलं. मधे भाताच्या जागी पास्ता, मुदीसारखा वाटीने पाडलेला. वर मीठ, लिंबू. आणि काकडीची कोशिंबीर. पण कोशिंबीर वाढलेली उजवीकडे.

मी ओरडलोच. "उलटं वाढलंस! असं मेलेल्या माणसाचं पान वाढतात!"

तुला माहीत नव्हतं. तुमच्याकडे असं काही बघत नसतील. आमच्याकडे जिवंत माणसाचं डावं ते डावं, आणि जो गेला त्याच्या पानावर सगळं उलट, डावीकडचं उजवीकडे. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्याने मी ओरडलेलो. नितीन खाली बघत राहिला. तन्वीने तोंडावर हात ठेवला. आणि तू काय केलंस? रडली नाहीस, माफी मागितली नाहीस. दोन बोटांनी ताटाची कड धरलीस आणि ताट गर्रकन अर्धं फिरवलंस. कोशिंबीर डावीकडे आली. मीठ खाली माझ्या पोटाशी आलं.

"घ्या," म्हणालीस. "झालात जिवंत. आता जेवा."

तन्वी फस्सकन हसली. मला हसायचं नव्हतं. मी मान खाली घालून जेवलो. कोशिंबिरीतली काकडी कडू होती, आणि ती मीच आणलेली होती, मार्केटातून, निवडून. तूही तीच खाल्लीस आणि तेव्हा काही बोलली नाहीस. बोललीस ते पुढे कित्येक वर्षं. पाहुणे आले की हमखास. "आमचे अप्पा मार्केटचे राजे. पण काकडी मात्र आतून विचारून घेत नाहीत."

त्या दिवसापासून दर रविवारचं ठरूनच गेलं. सकाळी मी कल्याणला जाऊन भाजी आणायची, संध्याकाळी तू पास्ता करायचा, आणि डावीकडे काय वाढायचं ते मला आधी सांगायचं नाही. जेवून झालं की तू समोर हाताची घडी घालून उभी राहायचीस. "बोला परीक्षक."

मी म्हणायचो, "चालेल."

"चालेल म्हणजे पास की नापास?"

"चालेल म्हणजे चालेल."

काय काय केलंस तू! मुळ्याची कोशिंबीर केलीस, तिच्या वासाने तन्वी ताट घेऊन गॅलरीत जाऊन बसली. आमसुलाचं सार केलंस, ते पांढऱ्या रश्श्याशेजारी वाहत गेलं आणि ताटात चिखल झाला. वालाचं बिरडं केलंस, तेव्हा मी पास्ता बाजूला सारून नुसतं बिरडंच खाल्लं आणि तू म्हणालीस, ही फसवणूक आहे, हा रविवार धरायचा नाही. एकदा रविवार असूनही ऑफिसातून दमून आलेलीस, बाहेरून मागवलेल्या पिझ्झ्याबरोबरच्या उरलेल्या पुड्याच डावीकडे ओळीने मांडून ठेवल्यास, मिरचीची पुडी, कसल्यातरी पाल्याची पुडी. मी पाल्याची पुडी फोडून हुंगली. "ही गुरांना घालतात," म्हटलं. तू म्हणालीस, "म्हणून तर तुम्हाला वाढली." नितीन हसता हसता ठसकला. त्याच्या पाठीवर थापा मारायला मीच उठलो.

लसूण लावून भाजलेला पाव तुझा आवडता. पास्त्याबरोबर खरं हेच लागतं, असं तुझं मत. माझं मत, की पिठाबरोबर पीठ खाणं म्हणजे तोंडी लावणं नाही. तोंडी लावणं आंबट पाहिजे, तिखट पाहिजे, कुरकुरीत पाहिजे, ज्याने मऊ घासाला जाग येते. ह्याच्यावर आपण किती वाद घातला. तू फोनवर काढून दाखवायचीस, हे बघा, तिकडची माणसं काय काय घेतात. पालेभाजी कच्ची घेतात, टोमॅटोच्या चकत्या घेतात, भाजलेली भोपळी मिरची घेतात. मी म्हणायचो, मग तीही डावीकडेच वाढतात की, फक्त त्यांना माहीत नाही. तू कपाळावर हात मारून घ्यायचीस. आजही मी माझ्या मतावर आहे. फक्त आता समोर कुणी कपाळावर हात मारत नाही. नितीनला काही सांगितलं तर तो "हो अप्पा" म्हणतो. हो म्हणणाऱ्याशी काय बोलणार?

सांडगी मिरची तळलेलीस त्या रविवारी तू मला पकडलंस असं तुला वाटलेलं. मी ती मिरची चुरून पास्त्यावर घातली आणि बराच वेळ बोललो नाही. तू तन्वीला कोपराने ढोसलंस. "बघ, गप्प झाले. म्हणजे आवडलं." मी लगेच म्हटलं, "मीठ जास्त आहे." होतंच जास्त. सांडग्या मिरचीत मीठ असतंच.

मग ते दुखणं आलं. त्याचं नाव मला नीट घेता येत नाही आणि घ्यायचंही नाही. माजिवड्याला ज्या हॉस्पिटलात तुला ठेवलेलं, त्याच्या खिडकीतून तुझं ऑफिस दिसायचं. तू म्हणायचीस, "बघा अप्पा, सुट्टी घेऊनसुद्धा इथेच." पहिले काही रविवार तू घरी होतीस. पास्ता झाला, डावीकडेही काहीतरी झालं. नंतर तुझ्याने गॅसजवळ उभं राहवेना. नंतर अन्नच नको झालं. वरण-भात नको, पेज नको, काही नको. डॉक्टर म्हणाले, पोटात जायला पाहिजे, जे जाईल ते द्या. तन्वी म्हणाली, पास्ता जाईल, मऊ असतो.

तन्वी पास्ता करून द्यायची आणि मी डबा घेऊन यायचो. माझ्याकडे एक लहान डबा वेगळा असायचा. सगळ्यांना वाटायचं म्हाताऱ्याचा चहा-बिस्किटाचा असेल. त्यात मीठ, लिंबाची फोड आणि रोज एक काहीतरी असायचं. मी स्वतः करायचो. जन्मात कधी चटणी वाटली नव्हती, पण वाटली. मला वाटायचं, तोंडाला एकदा चव आली की घास खाली उतरेल. आणि घास उतरला की बाकीचं होईल. ताटातल्या डाव्या बाजूचं कामच ते आहे. माझा त्याच्यावर विश्वास होता, सुप्रिया. तुझ्या औषधांपेक्षा जास्त होता. म्हणून रोज नवं आणायचो. आज चटणी, उद्या कैरीचा कीस, परवा आवळा.

एके दिवशी सांडगी मिरची घेऊन आलो. नर्स ओरडली, आजोबा, पेशंटला हे काय देताय! तू तिला म्हणालीस, "राहू दे सिस्टर, ते परीक्षक आहेत." मिरचीचं टोक तू जिभेला लावलंस. डोळे मिटून बसलीस. मी वाट बघत होतो. समोरचा डोंगर हलेल अशी वाट बघत होतो.

तू म्हणालीस, "अप्पा, काहीच लागत नाही हो. लोखंड चाटल्यासारखं लागतं सगळं."

मी डब्याचं झाकण लावलं.  त्या दिवशी मला कळलं. मला डॉक्टरांचं काही कळत नाही, पण सांडगी मिरची ज्या जिभेला लागत नाही तिचं काय ते मला कळतं. माजिवड्याहून घरी येईपर्यंत मी रिक्षात तो डबा मांडीवर धरून बसलेलो. नितीनला सांगितलं नाही. तो अजून पुढच्या तपासणीबद्दल बोलत होता.

त्यानंतर एकदा तूच विचारलंस. आवाज बसलेला तुझा, पण नजर तीच, हाताची घडी घातल्यासारखी. "आता तरी खरं सांगा. इतक्या रविवारांत सगळ्यात चांगलं डावीकडचं कुठलं होतं?"

मी म्हटलं, "घरी ये. मग सांगतो."

"हे ब्लॅकमेल आहे."

"आहे तर आहे. ये आणि विचार."

"सांडगी मिरची ना?"

"घरी ये म्हटलं ना."

तू हसलीस. ओठ फुटलेले तुझे, हसताना दुखलं असेल. मला वाटलं, हट्टी बाई आहे, उत्तर घेतल्याशिवाय राहायची नाही. येईल. मी तुझ्या हट्टावर पैज लावलेली. दुसरं माझ्याकडे लावायला होतं काय?

नाही आलीस.

तेराव्याला आक्का आली होती, माझी मोठी बहीण. तिने सगळं रीतीने केलं, मी कशात पडलो नाही. तेव्हा मला काही दिसतच नव्हतं. परवा महिन्याच्या पानाला मात्र मी सकाळीच सांगितलं, "पानात पास्ता जाईल."

आक्का कणीक मळत होती. तिचे हात थांबले. "काय जाईल?"

"पास्ता. तिला आवडायचा."

"बाळ्या, डोकं फिरलंय तुझं? गेलेल्या माणसाच्या पानात मैद्याच्या नळ्या? वडे कर, खीर कर."

"ती वडे खायची नाही. तिच्या पानात तिला आवडायचं ते जाईल, नाहीतर पानच नको."

"लसूण असतो त्यात!"

आतून तन्वी म्हणाली, "मी लसणाशिवाय करते." तू गेल्यापासून इतक्या दिवसांत पोरगी स्वयंपाकघरात पहिल्यांदा आली. ती आता खोलीतच असते. डबे बाहेरून येतात. नितीन एकीकडे बसून खातो, ती तिच्या खोलीत खाते. मी टेबलावर. टेबलावर आता कुणाचं भांडण होत नाही. मी तुला हे सांगणार नव्हतो, पण खोटं कशाला लिहू?

नितीन म्हणाला, "अप्पा, आक्काआत्या म्हणते तसं करू दे ना."  मी पिशवी घेतली आणि कल्याणला गेलो.

मार्केटात सगळे ओळखीचे. काका, काय देऊ, काय देऊ. मुळे होते, कैऱ्या होत्या, भोपळी मिरच्या होत्या. डावीकडे जाऊ शकेल असं सगळं होतं. पण मला काय घ्यायचं ते ठरलेलं होतं, सुप्रिया. मी काकड्या घेतल्या.

तुझ्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. सांडगी मिरची नाही. बिरडंही नाही. ती पहिली कोशिंबीर. काकडी कडू होती, दही पातळ होतं, वाढलेली चुकीच्या बाजूला. तुझी सासू गेल्यानंतर माझं डावीकडचं दुसऱ्या कुणीतरी पहिल्यांदा वाढलं ते त्या दिवशी. हे तुला घरी आल्यावर सांगणार होतो. हसत हसत सांगणार होतो, आणि तू म्हणणार होतीस, कडू होती ना पण? आणि मी म्हणणार होतो, होती.

परवाच्या काकड्यांची मी टोकं कापून घासली, फेस काढला, प्रत्येकीची चकती खाऊन बघितली. एकही कडू निघाली नाही. गोड होत्या सगळ्या. काय उपयोग!

पान वाढायला मी बसलो. आक्काला म्हटलं, कुणी हात लावायचा नाही. तुझ्या फोटोसमोर केळीचं पान मांडायचं होतं, मी म्हटलं माझं स्टीलचं ताट आणा. मीठ वाढलं. लिंबू वाढलं. तन्वीने वाटीने पास्त्याची मूद पाडली, तुझ्यासारखी. आणि मी कोशिंबीर वाढली. डावीकडे.

आक्का म्हणाली, "उलट, बाळ्या. ते पान उलट वाढायचं असतं. तुला सांगायला पाहिजे का?"

मला सांगायला नको होतं. ह्या घरात ती रीत ओरडून सांगितलेली ती मीच.

म्हटलं, "माझ्या घरात उलटं वाढणार नाही."

"अरे, ती गेली ना?"

"मला माहीत आहे ती गेली. मी वाढणार नाही."

"मग तिला पोचायचं कसं?" आक्का रडायला लागली. नितीन भिंतीला टेकून उभा होता, त्याने तोंड फिरवलं. मी ताटाच्या कडेवर हात ठेवून बसून राहिलो. कोणीतरी ओढून घेईल म्हणून धरल्यासारखा. वाटलं, डावीकडे आहे तोवर डावीकडे आहे. तोवर हे जिवंत माणसाचं ताट आहे, अजून जेवायला कुणी यायचं आहे.

तन्वी माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझा हात उचलला आणि बाजूला ठेवला, माझ्याच मांडीवर. मग दोन बोटांनी ताटाची कड धरली आणि ताट फिरवलं. गर्रकन नाही. हळू. पास्ता मधेच राहिला. मीठ ह्या बाजूला आलं. कोशिंबीर डावीकडून निघाली आणि उजवीकडे गेली, तुझ्या पहिल्या ताटात होती तिथे.

पोरीने हे कुठे बघून ठेवलेलं? खुर्चीवर पाय लोंबत होते तेव्हा तिचे.

 आक्काने डोळे पुसले. तन्वीने माझ्याकडे बघितलं. तोंड तुझंच, सुप्रिया. हाताची घडी तेवढी नव्हती.

"चालेल ना, आजोबा?"

नाही चालत. तुला म्हणून सांगतो, मला हे चालत नाही. आज नाही, उद्या नाही, पुढे किती रविवार माझ्या वाट्याला असतील त्यातल्या एकाही रविवारी चालणार नाही.

पण पोर उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, "चालेल."